टोपली येईल तेव्हा घरी कोण असेल?

*'शहराबाहेरच्या एका सेंद्रिय शेतानं सभासद घ्यायला सुरुवात केली आहे. बावीस आठवड्यांच्या हंगामाचे पैसे आधी भरायचे, मग दर गुरुवारी शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा घरी. काय येणार ते आपण ठरवायचं नाही. महिन्यातून एक सकाळ शेतावर कामाला जायचं. मला ही कल्पना फार आवडली. घरात मात्र कुणालाच नाही. बायको म्हणते, "हवी ती भाजी हवी तेव्हा मिळत असताना ही भानगड कशाला?" बाबा म्हणतात, "पीक बुडालं की पैसे बुडाले, लिहून ठेव." दोन मुलं आहेत, हिरवं काही दिसलं की तोंड फिरवणारी. शिवाय ते शेत खरंच सेंद्रिय आहे हे आम्ही कसं ओळखायचं? नावनोंदणी पंधरा दिवसांत बंद होतेय. भरू का पैसे?' — एक उत्सुक*

उत्सुकराव,

पत्रात घरातल्या सगळ्यांची मतं आली, पण तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं ते काही आलं नाही. त्यावरून तुम्ही करत नसणार असा माझा अंदाज. जो करतो तो अशा पत्रात ते लिहायला विसरत नाही.

म्हणून पैशांचं नंतर बोलू. आधी गुरुवारची संध्याकाळ. साडेसात वाजलेत, मुलांना भुका लागल्यात आणि ओट्यावर शेतावरून आलेली टोपली आहे. पालकाच्या तीन जुड्या, मुळांना माती तशीच. पाल्यासकट मुळे, त्यात पालाच जास्त. पाच बीट, दोन मुठीएवढे आणि तीन लिंबाएवढे. कोबीचा एक गड्डा, बाहेरच्या पानांना भोकं. तिसरं पान सोललं की आत अळी, पानाच्याच रंगाची, शिरेला चिकटून पडलेली. बाजारातली भाजी निवडून, धुऊन, एका मापाची होऊन येते. ते काम कुणीतरी आधीच केलेलं असतं आणि त्याचे पैसे आपण दिलेले असतात. इथे ते काम तुमच्या ओट्यावर व्हायचं असतं. तीन जुड्या पालक निवडून, तीन पाण्यांतून काढून निथळत ठेवायला मला पाऊण तास लागतो, आणि मला सवय आहे. तुमच्या पत्नी ज्याला 'भानगड' म्हणतात ती ही. त्यांना सेंद्रियाचं महत्त्व कळलेलं नाही असं समजून कृपा करून त्यांना लेख वाचायला देऊ नका.

गंमत अशी, की ही कल्पना मुळात गृहिणींनीच उचलून धरली. १९७० च्या दशकात जपानमध्ये कीटकनाशकांना आणि दूषित अन्नाला धास्तावलेल्या बायकांनी गट केले आणि थेट शेतकऱ्यांशी बोलणी केली: तुम्ही विषाशिवाय पिकवा, पिकेल ते आम्ही घेऊ. याला तिथे 'तेइकेई' म्हणतात, साधारण भागीदारी अशा अर्थानं. १९७१ मध्ये तिथली सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली आणि १९७८ मध्ये तिनं तेइकेईची दहा तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं, की शेतकरी जे पाठवेल ते सगळं ग्राहकानं स्वीकारावं आणि आपलं जेवण होता होईल तो त्यावरच बेतावं. वाचायला एक ओळ आहे. ती पाळणाऱ्या, वाटे करणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, शेतावर खुरपायला जाणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, आणि सगळं बिनपगारी. पुढे बायका नोकऱ्यांना लागल्या तसे हे गट रोडावत गेले. तत्त्वांत काही खोट निघाली नव्हती. दुपारी टोपल्या भरायला कुणी मोकळं उरलं नव्हतं.

तेव्हा तुमच्यापुरता पहिला प्रश्न: गुरुवारी टोपली कोण उघडणार? उत्तर 'मी' असेल तर पुढे वाचा. 'आम्ही दोघं मिळून' असेल तर आधी पत्नींना विचारून या, मग वाचा.

मी स्वतः पाच हंगाम अशा एका शेताची सभासद होते. पहिल्या हंगामात आमच्या कंपोस्टच्या डब्यानं आमच्यापेक्षा पौष्टिक खाल्लं. चूक माझी होती. मी नेहमीसारखा आठवड्याचा बेत ठरवायची, त्याची भाजी बाजारातून आणायची, आणि टोपली आली की 'हे आता कुठे बसवू' म्हणत उभी राहायची. दोन भाज्या घरात, दोन्हीचे पैसे दिलेले. बेत टोपली उघडल्यावर ठरवायचा असतो, हे कळायला मला अर्धा हंगाम लागला. एका वर्षी सलग पाच आठवडे नवलकोल आला. सहाव्या आठवड्यात नवऱ्यानं टोपलीवरचं फडकं न काढताच वरून चाचपून पाहिलं आणि मुकाट्यानं बाहेर फिरायला गेला.

टोपली आल्या आल्या एक तास द्यायचा असतो, आणि तो द्यायला जमणार नसेल तर सभासद होऊ नये, इतकं माझं स्पष्ट मत आहे. मुळा, गाजर, बीट यांचा पाला बोटभर देठ ठेवून लगेच कापायचा. पाला कंदातलं पाणी ओढत राहतो. दोन दिवस तसाच ठेवला तर मुळा रबरासारखा वाकतो. कापलेला पाला कोवळा असेल तर तीच त्या रात्रीची भाजी. पालेभाज्या निवडून, पूर्ण कोरड्या करून कापडात गुंडाळायच्या. टोमॅटो फ्रिजमध्ये नकोत, थंडीनं त्यांची चव जाते. आणि पिकते टोमॅटो पालेभाजीजवळही नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूनं पानं लवकर पिवळी पडतात. कोबी-फ्लॉवर मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवले की अळ्या आपण होऊन बाहेर येतात. खाण्याचा क्रम साधा: पानं आधी, फळभाज्या मग, कोबी आणि कंद शेवटी, कारण ते दोन-तीन आठवडे सहज थांबतात. आमच्याकडे बुधवारी रात्री उरलंसुरलं सगळं एका पातेल्यात जायचं. त्या पातेल्याला नाव नव्हतं, चवही दर आठवड्याला वेगळी असायची, कधी चांगली, कधी खाण्यापुरती.

आता बाबा. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही आणि ते हसण्यावारी नेऊ नका. शेतकऱ्याचा खर्च आधी होतो: बियाणं, खत, मजुरी, ठिबकच्या नळ्या. भाजी विकून पैसा यायला महिने जातात. मधला काळ कर्जावर काढायचा नाही म्हणून तो तुमच्याकडे आगाऊ मागतोय. म्हणजे व्याज न घेता तुम्ही त्याला हंगामभराची उचल देताय, आणि परतफेड भाजीत होणार आहे. हे डोळे उघडे ठेवून करायचं असतं. अमेरिकेत ही पद्धत १९८६ मध्ये दोन शेतांवर सुरू झाली, मॅसॅच्युसेट्समधलं इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशरमधलं टेंपल-विल्टन. इंडियन लाइनवाल्यांनी सावधपणे आदल्या शरद ऋतूत फक्त सफरचंदांचे वाटे विकून पाहिले होते. टेंपल-विल्टनची रीत मला जास्त आवडते. तिथे शेतकरी वर्षाचा सगळा खर्च सभासदांपुढे मांडतात आणि प्रत्येक घर आपल्याला झेपेल तो आकडा सांगतं. बेरीज कमी पडली तर पुन्हा एक फेरी. किलोचा भाव कुठे येतच नाही, खर्च वाटून घेतलेला असतो. तुमच्या बाबांना हे सांगून पाहा. हिशेबी माणसाला वहीतला खर्च समोर ठेवला की बरं वाटतं. तुमच्या शेतानंही खर्चाचा ढोबळ अंदाज दाखवावा, असं मागायला संकोच करू नका.

आणि पीक बुडण्याबद्दल. अशा शेतात एकच पीक नसतं, तीस-चाळीस प्रकार असतात, असायला हवेत. सगळं एकदम सहसा जात नाही. आमच्या तिसऱ्या हंगामात ऐन तोडणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला, टोमॅटो करप्यानं आठवड्याभरात काळे पडले, वर्षाची चटणी-सॉसची स्वप्नं गेली. त्याच वर्षी लाल भोपळे मात्र असे आले की आमच्या पलंगाखाली अकरा होते. शेवटचा खाल्ला तेव्हा पुढच्या हंगामाच्या नावनोंदण्या सुरू झाल्या होत्या. म्हणून शेतकऱ्याला 'किती प्रकार लावता' हे विचारा. सहा-सात सांगितले तर बाबांची बाजू घ्या.

पण पाऊस, गारपीट, कीड वेगळी, आणि शेतकऱ्यानं मधेच शेत सोडणं, आजारी पडणं, वाटेच कमी पाठवणं वेगळं. ढगाचं नुकसान सभासदांनी सोसायचं ठरलेलं असतं. नियोजनाचं सोसायचं ठरलेलं नसतं. शेत बंद पडलं तर उरलेल्या आठवड्यांच्या पैशांचं काय, हे कागदावर असायला हवं. तुम्ही गावाला गेलात तर त्या आठवड्याचा वाटा पुढे ढकलता येतो का, दुसऱ्याला देता येतो का, न उचललेली टोपली कुठे जाते, तेही. पैसे दोन-तीन हप्त्यांत भरता येतात का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी चालतं, पण न विचारणाऱ्याला कुणी सांगत नाही.

'खरंच सेंद्रिय का' हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, जणू शेतकऱ्याचा अपमान होईल. चांगल्या शेतकऱ्याला हा प्रश्न आवडतो, तो तुम्हाला तासभर सोडत नाही. प्रमाणपत्र असेल तर पाहा. रसायनं बंद केल्यावर जमिनीला साधारण दोन ते तीन वर्षांचा रूपांतराचा काळ द्यावा लागतो, त्यामुळे 'गेल्या वर्षीच सुरू केलं' आणि 'प्रमाणित सेंद्रिय' या दोन गोष्टी एका तोंडातून आल्या तर थांबा. प्रमाणपत्र नसेल म्हणून लगेच नाक मुरडू नका. छोट्या शेताला कागदपत्रं आणि फी जड जाते. काही ठिकाणी शेतकरी आणि ग्राहक मिळून एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात, तीही मान्य पद्धत आहे. आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका: सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असं नसतं. गंधक, कडुनिंबाचा अर्क, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, अळ्यांना मारणारे जिवाणू हे ठरावीक अटींवर चालतं. म्हणून 'फवारता का' याच्याऐवजी 'मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) पडला होता तेव्हा काय केलंत' असं विचारा. शेणखत कुठून येतं, शेजारचा शेतकरी फवारतो तेव्हा वारा कुठून वाहतो, बांधाला काय लावलंय, हेही. माझा सगळ्यात आवडता प्रश्न मात्र एकच: गेल्या वर्षी काय बुडालं? खरा शेतकरी लगेच सुस्कारा टाकून सुरू होतो. 'आमचं काहीच बुडत नाही' असं उत्तर आलं तर चहा घेऊन परत या.

हे मी अनुभवानं सांगतेय. आमच्या शेताआधी मी दुसऱ्याच एका ठिकाणी हंगामभराचे पैसे भरले होते. टोपली फार देखणी यायची, दर आठवड्याला सगळं एका मापाचं. मला वाटलं काय हातगुण आहे! पाचव्या आठवड्यात एक ढोबळी मिरची धुताना तिच्यावरून छोटं गोल स्टिकर निघालं आणि नळाखाली माझ्या अंगठ्याला चिकटलं. बाजारातलं. कमी पडलं की बाहेरून आणून भरणं हा प्रत्येक वेळी गुन्हा नसतो, काही शेतं सांगून-सवरून शेजारच्या सेंद्रिय शेतातून घेतात. हे न सांगता चाललं होतं. विचारल्यावर फोन उचलणं बंद झालं. तेव्हा 'बाहेरचा माल घालता का, आणि घातला तर टोपलीत चिठ्ठी ठेवता का' हा प्रश्न तुमच्या यादीत हवाच.

शेतावर जाऊनच या. आणि पैसे भरायच्या आधी. सकाळी लवकर गेलात तर काढणी चाललेली दिसेल. पालेभाजी उन्हाच्या आधी कापतात, नाहीतर शेतातली उष्णता जुडीतच राहते आणि ती संध्याकाळी मान टाकते. ओळींमधलं तण पाहा, थोडं असणारच. आच्छादन बाजूला करून मूठभर माती उचला: ओलसर, भुसभुशीत, वासाची आहे का, गांडूळ दिसतंय का. शेड उघडी असेल तर आत डोकावायला हरकत नाही, पोती काय सांगतात ते कळतं. महिन्याची सकाळ म्हणजे बहुधा खुरपणी, हेही तेव्हाच समजेल. दोन तास उकिडवं बसून खुरपल्यावर कंबर बोलते. पण त्यानंतर पालकाची जुडी सडू द्यायला हात धजत नाही, हा त्या सकाळचा खरा उपयोग. मुलांना न्या, मजा येते. स्वतः उपटलेलं गाजर मूल आवडीनं खातं असं सगळे सांगतात, मी सांगणार नाही. माझ्या धाकटीनं स्वतः उपटलेला मुळा घरी आणला, त्याचं नाव ठेवलं, दोन दिवस पेल्यात उभा करून ठेवला आणि कुणालाच खाऊ दिला नाही.

पैसे वाचतील म्हणून जात असाल तर जाऊ नका. काही आठवडे वाचतात, काही आठवडे दोन मुळे आणि एक काकडी येते. घरात मोजून चारच भाज्या चालत असतील तरी नको. अशांना शेतावर थेट विक्री असेल तर हवं तेवढं तिथून घेणं जास्त सोयीचं, आणि त्यात शेतकऱ्याचंही भलंच होतं.

तुमच्यासाठी माझं सांगणं: पूर्ण वाटा घेऊ नका. अर्धा मिळत असेल तर अर्धा, नसेल तर ओळखीचं एक घर गाठून एक वाटा दोघांत. आम्ही चौथ्या हंगामापासून शेजारणीबरोबर वाटून घ्यायला लागलो. तिला नवलकोल आवडायचा. देव असतो.

आणि नावनोंदणीला पंधरा दिवस आहेत म्हणता, म्हणजे दोन गुरुवार मिळतात. दोन्ही गुरुवारी बाबांना बाजारात पाठवा. तीन पालेभाज्या, दोन कंद आणि एक अशी भाजी जी घरात कधी होत नाही, सगळी न निवडलेली, तुम्हाला न विचारता, त्यांच्या मर्जीनं. ते खूश होतील. मग टोपली ओट्यावर ठेवून तुम्ही उभे राहा आणि पुढच्या बुधवारपर्यंत ती संपवा. त्या दोन आठवड्यांत दुसरी भाजी आणायची नाही. पत्नींनी फक्त जेवायला यायचं. दुसरा आठवडा संपायला नावनोंदणी थांबणार नाही, पण पहिल्यातच अंदाज येतो. दुसऱ्या गुरुवारी रात्री, ओटा पुसून झाल्यावर, त्यांना विचारा. त्या जे म्हणतील ते करा.

भरलेतच पैसे, तर पहिल्या महिन्यात टोमॅटोची वाट पाहू नका. मुळा आणि पालक महिना-दीड महिन्यात तयार होतात, टोमॅटो रोप लावल्यावर दोन-अडीच महिने घेतो. म्हणजे सुरुवातीला पानं आणि मुळे, मुळे आणि पानं. घरी आल्यावर आधी पाला कापा, मग चपला काढा.